चौकट कोरी ठेवायची सोय

रविवार, २७ ऑक्टोबर १९९६

गळ्यात धोंड पडली. सांगलीला विष्णुपंतांच्या घरी आमच्या कडेगावकर कुलवृत्तांत मंडळाची सभा होती. मी एवढंच म्हणालो की वंशावळीचे तक्ते हाताने काढून माझी बोटं झिजली, एक नाव मागाहून सापडलं की अख्खा तक्ता पुन्हा काढावा लागतो. पाटबंधारे खात्यात उभा जन्म आरेखक म्हणून गेला, पण कालव्यांच्या नकाशात एवढी खाडाखोड केली नाही. विष्णुपंत लगेच म्हणाले, "मग आता कॉम्प्युटरवर घेऊ. वंशावळीचे तयार प्रोग्रॅम मिळतात म्हणे. कोणता घ्यायचा ते सुमंता, तूच ठरव." टाळ्यासुद्धा वाजल्या. जो बोलेल तो करेल, दुसरं काय.

गुढीपाडव्याला मजकूर छापखान्यात द्यायचा, अक्षय्यतृतीयेला वाईला कुलसंमेलन आणि तिथं पुस्तकाचं प्रकाशन. म्हणजे हातात वेळ म्हणावा तर आहे आणि म्हणावा तर नाही.

परतीच्या एसटीत कराड गेलं तरी डोळा लागला नाही. प्रोग्रॅमची काळजी आहेच, पण डोळ्यांसमोरून हलत नव्हता तो दादा. माझा थोरला भाऊ चिंतामण. त्र्याहत्तर साली सांगलीला मुलाखतीला जातो म्हणून घरातून निघाला तो आजतागायत परतला नाही. पोलीस झाले, रेडिओ झाला, पेपरात फोटो झाला, ज्योतिषीही झाले. क्षमावहिनी तेव्हा तिशीच्या होत्या, मूलबाळ नव्हतं. त्या माहेरी गेल्या नाहीत. इथंच साताऱ्यात आमच्याबरोबर राहिल्या, कन्याशाळेत नोकरी केली, आईचं शेवटपर्यंत केलं. आजही कपाळाला ठसठशीत कुंकू असतं. त्यांच्यासमोर दादाचा विषय काढायचा नाही हे आमच्या घरात न ठरवता ठरलेलं आहे. चुकून निघालाच तर मी पाणी प्यायला उठतो.

हाताच्या तक्त्यात मी दादाचं नाव आणि जन्मसाल लिहून पुढे एक रेघ मारून ठेवत असे. रेघेला कोणी काही विचारत नाही. कॉम्प्युटर विचारेल की काय, ही धास्ती आहे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

मंडळाचा कॉम्प्युटर आला. विष्णुपंतांच्या ओळखीतून, वापरलेला. बाहेरच्या खोलीत माझ्या ड्रॉईंगच्या टेबलावर बसवलाय. हिने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वरून जुना अभ्रा घातला. वहिनी बराच वेळ बघत उभ्या होत्या. "यात सगळे मावतील?" म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, अख्खा सातारा मावेल." मला स्वतःला तो चालू कसा करायचा हेही माहीत नाही. अपूर्वा दिवाळीला आली म्हणजे बघू.

रविवार, १७ नोव्हेंबर

अपूर्वा, आमची कन्या, सांगलीला कॉम्प्युटर शिकवते. आज दुपारी परत जाणार म्हणून सकाळी पहिला प्रोग्रॅम लावून बघितला. विष्णुपंतांच्या मुलाने, वरदने, अमेरिकेहून पाठवलाय, म्हणून मी त्याचं नाव अमेरिकन ठेवलं. दिसायला देखणा, लग्नाच्या पत्रिकेसारखी महिरप काढतो. मराठी येत नाही, ते एक असो. पण आमच्या आजोबांचं लग्न घातलं तर थांबलाच. नवरानवरीचं आधीच नातं आहे, नक्की का, असं विचारतो. आजोबांना मामाची मुलगी केली होती. आमच्याकडे निम्मी लग्नं तशीच. अपूर्वा हसत सुटली. "बाबा, हा दर दोन लग्नांनंतर घाबरणार."

मग ती दादाच्या चौकटीपाशी आली. नाव, जन्म, लग्न, सगळं घातलं. पडद्यावर प्रश्न आला: ही व्यक्ती हयात आहे का? हो किंवा नाही. अपूर्वाने जागा तशीच सोडून पुढे जायला बघितलं. पुढे जाईना. पुन्हा तोच प्रश्न. तेवढ्यात वहिनी चकल्यांची ताटली घेऊन दारात आल्या आणि पडदा वाचायला लागल्या. इंग्रजी त्यांना चांगलं येतं. अपूर्वाचं बोट अधांतरी राहिलं.

मी पाणी प्यायला उठलो. परत आलो तर अपूर्वाने कॉम्प्युटर बंद केला होता. मी म्हटलं, "लाईट गेले वाटतं." डोक्यावर दिवा जळत होता. वहिनींनी दिव्याकडे बघितलं, ताटली ठेवली आणि आत गेल्या.

अमेरिकन बाद.

रविवार, १ डिसेंबर

दुसरा प्रोग्रॅम पुण्याच्या एका कंपनीचा. त्यांचा माणूस दाखवायला घरी आला होता. कोणी चोरून नक्कल करू नये म्हणून मशीनच्या मागे एक खुंटी बसवतात, ती काढली की प्रोग्रॅम मुका होतो. तेवढं सोडलं तर मी खूश होतो. सगळं मराठीत. वडाचं झाड काढून फांदीफांदीवर नावं टाकतो. विष्णुपंतांना हाच हवा असणार, कारण छापून देखणा दिसतो. एक खोट अशी की मुलीचं लग्न झालं की तिच्यापुढची गाडी बंद. फांदी छाटलेली.

आणि मग त्याने कौतुकाने एक करामत दाखवली. नवऱ्याच्या नावामागे कै. टाकलं की शेजारच्या चौकटीतली बायकोची सौ. आपोआप उडते आणि श्रीमती येतं. "काका, तुम्हाला काही करायलाच नको." मी विचारलं, नवऱ्याचं काहीच टाकलं नाही तर? तर म्हणे आपोआप श्री. येतं आणि पत्ता विचारतं. पत्ता नसला तर चौकट लाल होते. मी म्हटलं, समजा माणसाचं नक्की माहीतच नसेल. तो हसला. "काका, माणूस एक तर असतो नाहीतर नसतो."

पोरगा पंचवीसचा असेल. त्याला काय बोलणार. पण तेव्हापासून डोळ्यांसमोर तेच येतंय. वाईला मांडवात सगळं कूळ जमलंय, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, आणि जो तो आधी स्वतःचं पान उघडून बघणार. वहिनीही उघडणार. त्यात श्रीमती क्षमा. आणि मग संमेलनात सवाष्णींच्या ओट्या भरायच्या आहेत, तेव्हा वहिनींनी पाट मांडून बसायचं की उठायचं?

जेवण गेलं नाही. हिने विचारलं तर पित्त म्हटलं.

सोमवार, ९ डिसेंबर

वहिनींना या कामात चांगलाच रस वाटायला लागलाय. शाळेत इतिहास शिकवायच्या, त्याचा परिणाम असावा. आज न्याहारीला भाकरी आणि बनाबाईंची चटणी होती. बनाबाई या वहिनींच्या मैत्रीण, सांगलीजवळच्या माधवनगरच्या. कापडाच्या कारखान्यात मागांसाठी सुताच्या कांड्या भरायचं काम करतात, वहिनींची त्यांच्याशी कशी गट्टी जमली देव जाणे, पण बरीच वर्षं झाली. वहिनी दोन-तीन महिन्यांनी त्यांच्याकडे जाऊन राहून येतात आणि येताना शेंगदाण्याच्या चटणीची बरणी असते. तशी चटणी साताऱ्यात मिळत नाही.

तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एका माणसाचे दोन संसार असले तर तुमच्या यंत्रात दाखवता येतात का?" मी म्हटलं, "आपल्या पणजोबांचं म्हणताय ना? पहिली वारल्यावर दुसरी केली. अमेरिकनमध्ये येतं." तर म्हणे, "आणि पहिली असताना?" मी म्हटलं, तेही असणारच, पूर्वी काय कमी होतं. मग त्यांनी विचारलं की एखादं नाव आत घालून ठेवलं आणि छापायचं का नाही ते नंतर ठरवलं तर चालतं का. आणि एखाद्याला एकच मुलगी असली तर तिचं नाव येतं ना.

प्रश्न एकेक मार्मिक. विष्णुपंतांना एवढं सुचलं नाही. मी सगळे टिपून घेतले, प्रोग्रॅम पारखायला उपयोगी पडतील. ही मात्र मध्येच उठून चहा टाकायला गेली, वास्तविक चहा झाला होता.

रविवार, २२ डिसेंबर

ज्याची भीती होती तेच झालं. विष्णुपंत एका लग्नाला साताऱ्यात आले होते ते घरी आले. वकिलीतून निवृत्त झाले तरी वकील तो वकीलच. वहिनी स्वयंपाकघरात होत्या म्हणून आवाज बारीक करून म्हणाले, "चिंतामणचं काय करतोयस? कायद्याने सात वर्षं ठावठिकाणा नसला की माणूस मयत धरतात. इथं चोवीस होत आली. पुण्याचा प्रोग्रॅम घे, कै. टाक, मोकळा हो."

मी म्हटलं, वहिनींचं काय?

"मी काय तिचं वाईट चिंततोय होय? पण पुस्तक आहे बाबा. शंभर वर्षं राहणार. त्यात झाकपाक नको."

मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ते म्हणाले, मुठीत काही असलं तर.

ते गेल्यावर ही म्हणाली, "अहो, एकदा वहिनींनाच का नाही विचारत?" मी फार रागावलो. चोवीस वर्षं त्या बाईने तोंडातून ब्र काढला नाही, आणि मी जाऊन विचारू, की बाई तुमचा नवरा मेला असं लिहू का? जखमेवर मीठ चोळायचं ते आपल्याच माणसाने? ही तांदूळ निवडत राहिली.

शनिवार, ४ जानेवारी १९९७

सकाळी शेजारच्या देसायांकडे माधवनगरहून फोन आला. बनाबाईंच्या यजमानांचं बरंच जास्त आहे. वहिनी तासाभरात निघाल्या. त्या पिशवी भरत होत्या तेव्हा मी म्हटलं, "एवढ्या थंडीत कशाला जाता? त्यांचे नातेवाईक असतील की." त्या म्हणाल्या, "नातेवाईकच जायला हवेत, भाऊजी." मैत्रिणीलाही नातेवाईक मानणारी माणसं आता कुठं राहिलीत.

सोमवार, १३ जानेवारी

वहिनी आल्या. बनाबाईंचे यजमान परवा शनिवारी गेले. वहिनी आल्या त्या सरळ न्हाणीघरात शिरल्या आणि डोक्यावरून आंघोळ केली. मग त्या आणि ही स्वयंपाकघरात दार लोटून बसल्या. मला बाहेरूनच दोनदा चहा मागावा लागला.

गुरुवार, २३ जानेवारी

माझी झोप पार उडाली आहे. वहिनींच्या कानावर पुस्तकातल्या कै.चं गेलं, याबद्दल आता शंका नाही. विष्णुपंत तसे बारीक बोलले, पण भिंतीला कान असतात.

संक्रांत झाली, वहिनी एकाही घरी हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. दरवर्षी रथसप्तमीपर्यंत त्यांचं पाऊल घरात ठरत नाही. खोकला म्हणाल्या. खोकताना मी ऐकलं नाही. कुंकूही हल्ली बारीक लावतात, मोहरीएवढं. आठ-दहा दिवस देवपूजेला हात लावला नाही, चटईवर झोपायच्या, पाठ धरलीय म्हणून. एकदा मी आत डोकावलो तर नुसत्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या.

बाईने मनाला लावून घेतलंय. उद्या आपली सौ. जाणार म्हणून आजपासूनच स्वतःहून मागं सरतायत. आणि हे सगळं माझ्या त्या सभेतल्या एका वाक्यामुळे. मला असा प्रोग्रॅम शोधलाच पाहिजे की जो दादाबद्दल काही विचारणार नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

मिळाला. अपूर्वाने एका मासिकाबरोबर आलेली फ्लॉपी जपून ठेवली होती, तिच्यात निघाला. आज सांगलीला तिच्या खोलीवर जाऊन बघितला. दिसायला अगदी दरिद्री. काळा पडदा, पांढरी अक्षरं, ना महिरप ना झाड. मराठी नाही. मी त्याला फुकट्या म्हणतो. पण गुणाचा आहे. मृत्यूची जागा कोरी सोडली की सरळ पुढच्या माणसाकडे जातो, चकार शब्द काढत नाही. दोन बायका, मुलीची मुलं, नाव घालून न छापणं, वहिनींच्या सगळ्या प्रश्नांना उतरला. आपोआप तर काहीच करत नाही. सौ. टाका, तर जन्मभर सौ. राहील. मला हायसं वाटलं. अपूर्वा म्हणाली, "बाबा, सगळ्यात फाटका प्रोग्रॅम निवडताय, विष्णुकाका खाऊन टाकतील." खाऊ देत.

वहिनींचे गुडघे धरलेत, म्हणून त्यांनी माझ्याजवळ माधवनगरची पिशवी दिली होती. आजवर कधी दिली नव्हती, म्हणायच्या मीच जाईन. दुपारी गेलो. मागाच्या खटखटाटातून घर शोधायला वेळ लागला. दोन खोल्या, स्वच्छ. बनाबाई बाहेर आल्या, कपाळ मोकळं. मी विचारलं, क्षमावहिनींनी पाठवलंय, बनाबाई आपणच का? तर त्या उंबऱ्यातच खाली बसल्या.

"तुमचा आवाज आयकला आन् काळजात चर्र झालं बगा," म्हणाल्या. नुकतंच दुःख झालंय, कोणाही पुरुषाचा आवाज घरात आला की तसं होणारच. मग डोळे पुसून उठल्या. "आवं, बसा की. खुर्चीवर बसा."

मुलगी चहा घेऊन आली. मयूरी नाव, कॉलेजात जाते. गप्प उभी राहून माझ्याकडे टक लावून बघत होती, मला जरा अवघडल्यासारखं झालं. भिंतीवर नवा खिळा मारलेला होता. फोटो मोठा करायला टाकलाय, म्हणाल्या. मी सांत्वनाचे दोन शब्द बोललो. मरण कोणाला चुकलंय, धीर धरा, पोरीकडे बघा, असं. यजमान काय करत होते विचारलं, तर कारखान्यात लिखापढी.

"लय सोसलं त्येंनी," बनाबाई म्हणाल्या. "पर शेवटाला ताई हुत्या उशाशी. ताईंच्या हातनं पाणी पडलं तोंडात. तेवढं तरी मिळालं त्यास्नी." मला वहिनींचा अभिमान वाटला. मैत्रिणीच्या नवऱ्यासाठी कोण एवढं करतं.

बोलायला दुसरा विषय नव्हता म्हणून मी पुस्तकाचं सांगितलं, फुकट्याचंही सांगितलं. बनाबाई फार लक्ष देऊन ऐकत होत्या. "समदे येत्यात व्हय त्यात? तुमच्या घरातले?"

मी म्हटलं, "सगळे. कडेगावकरांच्या कुळातला एकही सुटणार नाही."

"येक बी न्हाई?"

"एकही नाही. हे काम मी हातात घेतलंय."

त्यांनी मुलीकडे बघितलं. मुलगी कपबशी घेऊन आत गेली. निघताना चटणी मात्र मिळाली नाही. अशा घरात मागायची तरी कशी.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज सभेत मी आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर हात आपटला. विष्णुपंतांनी पुण्याच्या प्रोग्रॅमचं झाड सगळ्यांना फिरवलं, सगळे भुलले. मग माझ्या फुकट्याचा कागद फिरला, तर कोणीतरी म्हणालं, हा काय धोब्याचा हिशेब. मी ऐकून घेतलं. पण विष्णुपंत म्हणाले, "एका रिकाम्या चौकटीसाठी तू अख्ख्या कुळाचं पुस्तक विद्रूप करतोयस." तिथं माझा तोल गेला. म्हटलं, त्या चौकटीच्या आधारावर एक बाई चोवीस वर्षं उभी आहे. ती तुमच्या झाडासाठी मी पुसणार नाही. दुसरा माणूस बघा.

सगळ्यांनाच एकदम तहान लागली. शेवटी ठरलं, फुकट्या घ्या. मराठी तक्ते मी हाताने काढून द्यायचे. म्हणजे बोटं झिजायची ती झिजणारच. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात तसं झालं, पण मी जिंकलो. घरी येऊन वहिनींना काही सांगितलं नाही. काय सांगणार.

बुधवार, १२ मार्च

रोज नावं घालतोय. दोन बोटांनी. बहुतेक पिढ्या झाल्या, दादाची चौकट शेवटी ठेवली आहे. जिंकलो खरा, पण बरं वाटत नाही. भर सभेत वहिनींचं नाव घेतलं, ते फिरून त्यांच्यापर्यंत आलं असेल का? हल्ली त्या रोज संध्याकाळी माझ्यामागे खुर्ची घेऊन बसतात आणि विचारतात, "कुठवर आलात?" मी म्हणतो, आहे अजून. पित्ताच्या गोळ्या चालू आहेत.

बुधवार, २ एप्रिल

कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

संध्याकाळी वहिनी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आज यांची चौकट घ्या." हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे गेला. पण म्हटलं, आता घाबरायचं कशाला. पडद्यावर दादाचं नाव आणलं आणि त्यांना दाखवलं. "हे बघा वहिनी. इथं मृत्यूची जागा आहे. ती कोरी ठेवायची सोय आहे. मी मुद्दाम असा प्रोग्रॅम घेतलाय. कोणी काही विचारणार नाही. तुमच्या नावाला हात लागणार नाही."

वहिनी म्हणाल्या, "अकरा जानेवारी. सत्त्याण्णव. ठिकाण माधवनगर."

मला वाटलं, दुसऱ्या कोणाचं सांगतायत. मी म्हटलंसुद्धा, की ते बनाबाईंचे यजमान.

"हो," त्या म्हणाल्या. "तेच."

मी उठलो. पाणी प्यायला. वहिनींनी माझा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता. "बसा भाऊजी. एकदा तरी बसा."

बसलो. त्या शांतपणे सांगत होत्या. चौऱ्याऐंशी साली शाळेची सहल सांगलीला गेली होती. गणपतीच्या देवळात मुलींची रांग लावताना समोर दादा उभा. बोटाला सहा वर्षांची मुलगी. आधी गदगला होता, बनाबाई तिथल्याच कारखान्यात, मग हे सगळे माधवनगरला आले. विष्णुपंतांच्या घरापासून चार मैलांवर.

मी चिडलो. खरं लिहायचं तर फार चिडलो. आई दाराकडे डोळे लावून गेली, असं म्हणालो. त्या म्हणाल्या, "आई गेल्या तेव्हा मलाही माहीत नव्हतं. तुमच्याइतकीच अकरा वर्षं मीही दाराकडे बघत काढलीत." का गेला, विचारलं. "मी विचारलं होतं त्यांना. त्यांनाही सांगता आलं नाही. रडले नुसते."

"मग तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलंत?" वहिनी म्हणाल्या. "माझ्यासमोर यांचं नाव निघालं की घरातली सगळी माणसं पाणी प्यायला उठतात. एकट्या तुमच्या बायकोने विचारलं, या दिवाळीत. तिला सांगितलं. आणि खरं सांगू? सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना आणायला गेला असता. त्या पोरीचा बाप मी कसा आणू उचलून? पहिल्यांदा भांडायला म्हणूनच गेले होते माधवनगरला. बनाबाईने जेवायला वाढलं. मग जात राहिले."

मला त्या उंबऱ्यात बसलेल्या बाई आठवल्या. माझ्या भावाच्या घरात बसून, माझ्या भावाच्या बायकोला, मी मरण कोणाला चुकलंय म्हणून सांगून आलो. एकही सुटणार नाही म्हणूनही सांगून आलो. खाली मान घालून मी ती तारीख घातली. अकरा, एक, सत्त्याण्णव. आकडे तीनदा चुकले.

तेवढ्यात ही दारात आली. "अहो," म्हणाली, "न्हाणीघरात पाणी काढलंय. गरम आहे." भाऊ गेल्याचं उशिरा कळलं तरी ऐकल्यावर आंघोळ करायची असते. बंब पेटून अर्धा तास झाला असला पाहिजे. दोघींनी मिळून आजचा दिवस ठरवला होता.

डोक्यावरून पाणी घेतलं. बादलीत नळ सोडून ठेवला म्हणजे बाहेर ऐकू जात नाही. चोवीस वर्षांचं रडून घेतलं.

परत आलो तेव्हा वहिनी तिथंच बसल्या होत्या. फुकट्या काही आपोआप करत नाही. दादाची तारीख पडली होती तरी शेजारच्या चौकटीत सौ. क्षमा तसंच होतं. पुण्याच्या प्रोग्रॅमने एव्हाना श्रीमती करून टाकलं असतं. मी त्या चौकटीवर येऊन थांबलो आणि विचारलं, "वहिनी, इथं काय लिहू?"

त्यांनी कपाळाला बोट लावून बघितलं, कुंकू मोहरीएवढंच होतं. मग म्हणाल्या, "नुसतं क्षमा लिहा."

मी सौ. खोडलं. दोन बोटांनी, एकेक अक्षर.

"आता दुसरी चौकट काढा," त्या म्हणाल्या. "आणि तिच्याखाली मयूरी."

गुरुवार, ३ एप्रिल

सकाळी विष्णुपंतांचा देसायांकडे फोन. पाडवा तोंडावर आला, चिंतामणचं ठरलं का? ठरलं म्हटलं. कै.? हो म्हटलं. मग म्हणाले, "शेवटी माझंच ऐकलंस. आणि क्षमाचं काय केलंस?" मी म्हटलं, "त्यांना विचारलं." त्यांना काय कळलं कोण जाणे. बाकीचं प्रत्यक्ष भेटीत सांगेन. ऐकून त्यांना पाणी लागेल, पण मी उठू देणार नाही.

बनाबाईंचं आणि मयूरीचं नाव आत घातलंय. छापायचं का, ते वहिनी म्हणतात त्यांनाच विचारा. आडनाव कोणतं लावतात तेही मला माहीत नाही. त्या दिवशी एवढा वेळ बसलो, पण ते विचारलं नाही.

उद्या सकाळच्या गाडीने माधवनगरला जातो. फोटो मोठा होऊन आला असेल. वहिनी गुडघे दुखतायत तरी बरोबर येणार आहेत, आणि हीसुद्धा. वहिनींनी चटणीची रिकामी बरणी धुऊन, पुसून माझ्या पिशवीत ठेवली आहे.